टर्बो गाडीचं हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा का जातं: लक्षणं, तपासण्या आणि हात कुठे आवरायचा

हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं सील) बदललं, दोन-तीन महिने गाडी छान पळाली आणि मग बूस्टवर, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, कूलंट पुन्हा बाटलीतून बाहेर यायला लागलं. ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीबाबत पहिला प्रश्न ठरलेला असतो: मागचं गॅस्केट कशामुळे गेलं, हे शोधलं होतं का? बहुतेक वेळा शोधलेलं नसतं. नवं, महाग, जास्त थरांचं गॅस्केट बसवलेलं असतं आणि ज्या नॉकिंगने (मिश्रण आपोआप, एकदम भडकण्याने) किंवा ज्या गरमीने जुन्याचा जीव घेतला, ती तशीच असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी हिशोब पाहा. सिलिंडरचा बोअर ८६ मिमी धरला तर पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ साधारण ५८ चौ. सेंमी भरतं. स्फोटाच्या क्षणी आत १०० बार दाब असेल, तर तो एकच सिलिंडर हेडला जवळपास सहा टन बळाने वर ढकलतो. हे बळ फक्त आजूबाजूचे चार बोल्ट पेलतात. बोल्टचा ताण पुरेसा असेपर्यंत गॅस्केट दाबलेलं राहतं. नॉकिंग झालं की दाब नेहमीसारखा चढत नाही, हातोडा बसावा तसा एका फटक्यात उसळतो. त्या फटक्यात हेड किंचित उचललं जातं आणि सिलिंडरभोवतीच्या कड्याशी गरम वायूला वाट मिळते. एकदा वाट मिळाली की ती आपोआप बुजत नाही.

म्हणून मूळ कारणं तीनच: नॉकिंग, अति उष्णता, नाहीतर बोल्टची पकड कमी पडणं. खालची प्रत्येक तपासणी या तिघांपैकी कोण, हे ठरवण्यासाठी आहे.

लक्षणं

सगळ्यात आधी दिसणारं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारं लक्षण म्हणजे बूस्टवर जोरात चालवल्यावर ओव्हरफ्लो बाटलीची पातळी वाढते आणि गाडी थंड झाल्यावर ते कूलंट रेडिएटरमध्ये परत जात नाही. शांतपणे चालवली तर काहीच होत नाही. दाब जास्त असतानाच हेड उचललं जातं आणि दाब उतरला की परत बसतं, हे त्याचं कारण. या टप्प्याला गाडी पकडली तर अनेकदा हेड आणि ब्लॉक दोन्ही शाबूत असतात.

पुढची लक्षणं अशी. रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक लागतो. सकाळी सुरू करताना पहिले काही सेकंद एक सिलिंडर चुकतो, मग सगळं सुरळीत होतं, कारण रात्रभरात थोडं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपलेलं असतं. हीटर चढणीवर अचानक थंड हवा टाकतो, कारण वायूचे बुडबुडे हीटरच्या कोअरमध्ये अडकतात. तापमानाचा काटा वर-खाली नाचतो. इंजिन गरम झाल्यावरही धूर पांढरा आणि गोडसर वासाचा राहतो. कूलंट कमी होत जातं पण खाली थेंब दिसत नाही. ऑइल दुधाळ होतं.

यातली काही लक्षणं फसवी आहेत. फक्त ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली आणि डिपस्टिक स्वच्छ असली, तर ती बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ असते. कूलंटमध्ये ऑइल दिसलं आणि बाकी एकही लक्षण नसलं, तर आधी ऑइल कूलरवर संशय घ्या. पाण्याने थंड होणारा कूलर आतून फुटला की नेमकं हेच दिसतं. निळसर धूर टर्बोच्या सीलचा किंवा रिंगांचा असू शकतो, गॅस्केटचा नव्हे. थंड हवेत सुरुवातीची दोन-चार मिनिटं पांढरी वाफ येणं तर अगदी नेहमीचं आहे.

बिनखर्चाच्या तपासण्या

पहिली तपासणी रेडिएटर कॅपची, आणि ती इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम सिस्टिमची कॅप उघडली तर दाब सुटतो, कूलंट त्याच क्षणी उकळतं आणि चेहऱ्यावर उडतं. कॅपच्या रबरी सीलला चीर आहे का, स्प्रिंग सैल आहे का, मधला छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह हलतो का, ते पाहा. १.१ बारची कॅप दाब नीट धरत असेल तर समुद्रसपाटीला साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. ग्लायकॉल मिसळल्यावर ही मर्यादा आणखी वर जाते. कॅप सैल असेल तर कूलंट आधीच उकळतं, बाटलीत फेकलं जातं आणि गॅस्केट गेल्यासारखंच दिसतं. म्हणून संशय असेल तर कंपनीने सांगितलेल्या दाबाची नवी कॅप आधी लावा. जास्त दाबाची लावून लक्षण झाकू नका.

दुसरी तपासणी अडकलेल्या हवेची. टर्बोला पाण्याच्या नळ्या असतील तर त्या बऱ्याचदा रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच असतात आणि हवा तिथे दडून बसते. गाडीचं नाक उंच करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू असेल तर उघडा आणि थर्मोस्टॅट उघडून पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत भरत राहा. हवा काढल्यावर दोन दिवसांत बुडबुडे थांबले, तर ती राहिलेली हवाच होती. आठवड्याभरानेही बुडबुडे येतच असतील, तर सिलिंडरचा वायू आत येतो आहे.

तिसरी, होजची. सकाळी थंड इंजिनवर कॅप उघडून दाब शून्य करा, परत लावा, इंजिन सुरू करा आणि वरचा होज हातात धरा. कूलंट अजून कोमटही झालेलं नसताना होज फुगला, तर तो दाब उष्णतेचा असूच शकत नाही. एवढी साधी, फुकट आणि इतकं सांगणारी दुसरी चाचणी नाही.

पंखे योग्य तापमानाला फिरतात का, रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत कचरा साचला आहे का, तेही याच वेळी पाहून घ्या. समोर इंटरकूलर असला की रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. त्यात जाळी बुजलेली असेल तर लांब चढणीवर तापमान चढणारच.

प्लग काढा

ही तपासणी प्लगच्या पान्यापलीकडे काही मागत नाही, तरी इथेच सर्वात जास्त माहिती मिळते. प्लग क्रमाने मांडून ठेवा. एकाच प्लगचं पोर्सेलिन वाफेने धुतल्यासारखं पांढरंशुभ्र आणि बाकीचे फिकट तपकिरी असतील, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जात आहे. पोर्सेलिनवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक कण दिसले, तर ते नॉकिंग आहे; चकाकणारे कण म्हणजे पिस्टनमधून उडालेलं ॲल्युमिनियम. ते दिसल्यावर गाडी बूस्टवर पुन्हा चालवायची नाही. भिंग वापरा, नुसत्या डोळ्यांना हे कण चुकतात.

प्लगचा नंबरही वाचा. बूस्ट वाढवलेल्या इंजिनाला मूळ प्लगपेक्षा निदान एक पायरी थंड (टोकाची उष्णता लवकर सोडणारा) प्लग लागतो, नाहीतर टोक लाल राहतं आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं. इथे एक घोटाळा नेहमी होतो: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलट. ब्रँड बदलताना नुसता आकडा जुळवला तर थंडऐवजी गरम प्लग बसतो. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. दाबाखाली मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते आणि इंजिन अडखळतं.

थोडी हत्यारं लागणाऱ्या तपासण्या

कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर लावून कॅपवर लिहिला आहे तेवढाच दाब द्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. दाब उतरला आणि बाहेर कुठेच ओल नसली, तर प्लग काढून ठेवा, दाब तसाच राहू द्या आणि प्रत्येक भोकात छोटा कॅमेरा किंवा टॉर्च घालून पिस्टनच्या माथ्यावर ओल शोधा. कॅपपेक्षा जास्त दाब देऊ नका. हीटर कोअर फुटला तर नवं काम उभं राहतं.

त्यानंतर ज्वलनवायूची रासायनिक चाचणी. निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवून वरची हवा ओढायची. पेट्रोल गाडीत द्रव पिवळा झाला तर कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू आहे. कूलंटची पातळी आधी दोन-तीन इंच खाली घ्या, कारण कूलंट द्रवात शिरलं की चाचणी वाया जाते. टर्बो गाडीत एक अडचण आहे. फक्त बूस्टवरच उचलणारं हेड आयडलला या चाचणीत निर्दोष सुटतं. त्यामुळे निळा रंग म्हणजे सुटका नव्हे; जोरात चालवून आणल्यावर, इंजिन सुरक्षितपणे उघडण्याइतकं निवल्यावर चाचणी पुन्हा करा.

कॉम्प्रेशन टेस्ट इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून करा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले, तर त्या दोघांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळलेली असण्याची शक्यता फार मोठी. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर लीक-डाउन टेस्ट करा: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉप डेड सेंटरला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणा, इंजिन फिरणार नाही याची सोय करा, ७ बार हवा द्या आणि गळती कुठून होते ते ऐका. इनटेकमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल फिलरमधून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. दहा टक्क्यांच्या आत गळती सहसा निरोगी, वीसच्या पुढे काम निघालं समजा.

इंजिन स्टार्टरवर अडकून थबकलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये कूलंट भरलेलं असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग फिरवा.

खरं कारण: बूस्ट, पेट्रोल, ठिणगी

गॅस्केट अजून शाबूत असेल तर सगळी मेहनत इथे घाला. गेलं असेल तर नवं बसवण्याआधी घाला.

वेस्टगेटच्या (टर्बोला वगळून एक्झॉस्ट सोडणाऱ्या, बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या) ॲक्चुएटरला जाणारी बारीक रबरी नळी आधी बघा. ती निसटली किंवा चिरली की वेस्टगेटला दाबच कळत नाही, तो उघडत नाही आणि बूस्ट ठरवलेल्याच्या कितीतरी वर जातो. क्लिप लावा, नळी कडक झाली असेल तर बदला. मोकळा एक्झॉस्ट बसवलेल्या गाडीत दुसराच प्रकार होतो: वेस्टगेट पूर्ण उघडूनही त्याचं भोक अपुरं पडतं आणि आरपीएम वाढेल तसा बूस्ट सरपटत वर जातो. यावर नळी बदलून किंवा कंट्रोलरची सेटिंग कमी करून उपाय होत नाही, वेस्टगेटचं भोकच मोठं करावं लागतं.

पेट्रोल ज्या ऑक्टेनवर (नॉकिंग सोसण्याच्या आकड्यावर) मॅप, म्हणजे ईसीयूमधली (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली) इंधन आणि ठिणगीची सेटिंग, बनवला, त्याच ऑक्टेनचं हवं. कमी ऑक्टेन भरून "हळूच चालवतो" म्हणणाऱ्याचा पाय एकदा तरी दाबला जातोच. क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणारी पीसीव्ही व्हॉल्व्ह बिघडून ऑइलची वाफ इनटेकमध्ये जात असेल, तर चांगलं पेट्रोलही नॉक करतं. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचं डबकं सापडलं तर हा धागा धरा.

पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल इनटेकमध्ये फवारणारी पद्धत) आणि बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर असलेल्या गाडीत इंधनाचा दाब मोजणं फार मोलाचं आहे. मूळ दाब ३ बार असेल तर १ बार बूस्टला रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) ४ बार दिसलेच पाहिजेत. तिथे ३.६ दिसले तर इंजेक्टरला प्रत्यक्षात २.६ बारच मिळतात आणि प्रवाह सुमारे सात टक्क्यांनी घटतो. म्हणजे ११.८ चं मिश्रण (वजनाने एक भाग पेट्रोलला ११.८ भाग हवा) १२.७ च्या घरात, म्हणजे पातळ होत जातं, तेही नेमक्या पूर्ण बूस्टवर. फिल्टर, पंपाला पोचणारं व्होल्टेज, मग पंप, या क्रमाने बघा. पंप बदलल्यावर कळतं की दोष जुन्या वायरीचा होता, असं पुष्कळदा होतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत हे मोजमाप स्कॅनरवरच वाचा. त्या रेलमधला दाब जीवघेणा असतो, तिथला एकही जोड उघडू नका.

मग लॉग (चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद) घ्या. सुरक्षित, बंद जागेत किंवा डायनोवर (गाडी जागेवर चालवून मोजणाऱ्या यंत्रावर). रस्त्यावरच्या रहदारीत नाही. आरपीएम, बूस्ट, वाइडबँडचा (मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा, इनटेक हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग आणि नॉक रिटार्ड (नॉकमुळे ईसीयूने मागे ओढलेलं टायमिंग), एवढं एकत्र हवं. पेट्रोलवर पूर्ण बूस्टला मिश्रण ११.५ ते १२.० असावं. एकाच आरपीएमला दर वेळी ईसीयू दोन-तीन अंश टायमिंग मागे ओढत असेल, तर तिथे खरंच नॉक होतंय असं धरून मॅप दुरुस्त करून घ्या. एक्झॉस्टच्या आवाजात नॉक कानाला ऐकू येत नाही, म्हणून "आवाज तर येत नाही" हा पुरावा नाही. लागोपाठ तिसऱ्या-चौथ्या वेळी जोर लावताना इनटेक तापमान चढत जाऊन परत खाली येत नसेल, तर इंटरकूलर कमी पडतोय. बूस्ट वाढवण्याआधी तो मोठा करा.

टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात २००० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबणं टाळा. त्या स्थितीत मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा धोका असतो. २०२० पासून आलेल्या एपीआय एसपी दर्जाचं ऑइल यासाठीच उपयोगी पडतं.

इथे हात आवरा

गॅस चाचणी पिवळी आली, लीक-डाउनमध्ये रेडिएटरला बुडबुडे आले किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टो करून न्या. दुधाळ ऑइलवर बेअरिंग काही किलोमीटरसुद्धा टिकतील याची खात्री नाही. रेडिएटरमध्ये ओतायचं गळतीबंद औषधही टाकू नका. बूस्टच्या दाबापुढे ते टिकत नाही. उलट हीटर कोअर आणि टर्बोच्या बारीक पाणीनळ्या बुजवतं, आणि पाणी न मिळालेला टर्बो गॅस्केटपेक्षा महाग पडतो.

टायमिंग चेन किंवा बेल्ट जुळवायचा अनुभव नसेल, अचूक टॉर्क रेंच आणि अँगल गेज नसेल, तर हेड स्वतः उघडू नका. मॅप बदलणं अनुभवी ट्यूनरकडे सोपवा. हेडची प्रेशर टेस्ट, तड्याची तपासणी आणि फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) ही कामं तर मशीन शॉपचीच आहेत. होंडाच्या बी आणि डी सिरीजसारख्या ओपन डेक ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या माथ्याला चहूबाजूंनी आधार नसतो. जास्त बूस्टवर सिलिंडर हलतो आणि गॅस्केट घासलं जातं. अशा ब्लॉकवर गॅस्केट दुसऱ्यांदा गेलं, तर स्लीव्ह (सिलिंडरचं मजबूत अस्तर) घालण्याचा किंवा डेकला (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाला) आधार देण्याचा निर्णय मशीन शॉपसोबत बसूनच घ्या. टोयोटाच्या २जेझेड-जीटीईसारख्या कास्ट आयर्न, क्लोज्ड डेक ब्लॉकला हा त्रास नाही, पण तिथेही हेड ॲल्युमिनियमचंच आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे दर वेळी गरम होताना हेड गॅस्केटवर सरकतंच.

हेड उघडलंच, तर

काम दुसऱ्याकडे दिलं तरी या गोष्टी विचारून घ्या. बोल्ट बाहेरून आत सोडवायचे, आतून बाहेर आवळायचे. बहुथरी स्टीलच्या गॅस्केटला पृष्ठभाग आरशासारखा लागतो: खरखरीतपणा ०.७५ मायक्रॉन किंवा कमी, आणि पूर्ण लांबीत सपाटी ०.०५ मिमीच्या आत; गाडीच्या मॅन्युअलमध्ये याहून कडक मर्यादा असेल तर ती पाळा. फक्त हेड फेस करून ब्लॉक तसाच सोडला, तर अर्धंच काम झालं. ब्लॉकवर स्ट्रेट एज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेज घाला. जुनं गॅस्केट काढायला घासणारी गोल चकती ब्लॉकवर चालवू देऊ नका. तिचे कण ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खातात, शिवाय पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात.

बोल्टची बंद भोकं हवेने कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट त्यावर टेकतो, टॉर्क रेंच आकडा दाखवतो पण पकड बसत नाही, आणि ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. ताणून बसवायचे बोल्ट एकदाच वापरायचे. स्टड (ब्लॉकमध्ये बसणारे, वरून नट लागणारे दांडे) वापरत असाल तर ते ब्लॉकमध्ये हातानेच बसवा आणि नट तीन फेऱ्यांत आवळा. टॉर्कचा आकडा वंगणाशी बांधलेला असतो: स्टडच्या कंपनीने दिलेलं वंगण लावलं तर तिचाच आकडा घ्या. साध्या ऑइलसाठी दिलेला आकडा निसरड्या वंगणावर वापरला तर ताण गरजेपेक्षा जास्त जातो.

जाड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन कमी करण्याचा मोह आवरा. पिस्टन आणि हेड यांच्या मधली फट साधारण १ मिमीच्या फार पुढे गेली की मिश्रण नीट घुसळत नाही आणि नॉकिंग कमी होण्याऐवजी वाढू शकतं. कॉम्प्रेशन कमी करायचंच असेल तर पिस्टन बदला.

काम झाल्यावर हवा वर सांगितली तशीच काढा. पहिल्या गरम-थंड फेरीनंतर नट पुन्हा आवळायचे की नाही, ते गॅस्केट आणि स्टडच्या सूचनेप्रमाणे; ताणून बसवलेले बोल्ट मात्र पुन्हा कधीच आवळू नका. पहिला आठवडा रोज सकाळी थंड इंजिनवर बाटलीची पातळी आणि होजचा दाब बघा, बूस्ट वेस्टगेटच्या मूळ स्प्रिंगवर ठेवा. पातळी जागची हलली नाही आणि नव्या लॉगमध्ये नॉक रिटार्ड शून्य दिसला, मगच बूस्ट थोडा थोडा वाढवा. प्रत्येक वाढीनंतर प्लग काढून पाहा.